हद्द कायम

तीन फुटी टाकीचा सांधा गळायला लागला गुरुवारी,
थेंब थेंब, टीव्हीच्या वायरीकडे.
आज रविवार. बादल्या, पाइप, जुने टॉवेल,
आणि हॉलमध्ये मी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर,
भूमी अभिलेखातून निवृत्त झालेला मोजणीदार,
दोन काळ्या पट्ट्यांच्या माशांसाठी
विश्रामबागेतल्या अडीच खोल्यांत जागा शोधतोय.

कॉन्व्हिक्ट म्हणतात त्यांना. कैदी.
नर बोटाएवढा. मादी त्याहून लहान, पोटावर केशरी डाग,
आणि भांडणात तीच पुढे.
रेतीत खड्डा करून अंडी घातली की
अख्ख्या टाकीचा सातबारा यांच्या नावावर.

खिडकीपाशी एंजल. त्यांना नळाचं पाणी, कृष्णेचं, मऊ.
पंख म्हणजे नुसती झालर,
एका दुपारीत चिंध्या होतील.
दिवाणाच्या उशाशी पिवळे आफ्रिकन.
त्यांना बोअरचं लागतं, पातेल्याला पांढरी खपली धरणारं,
आणि तिथं दगडाच्या प्रत्येक भोकात
एकेक मालक आधीच बसलेला.
उरला ऑस्कर.

ऑस्करबद्दल आमच्या घरात फार बोलत नाहीत.
चातुर्मासात कांदा उंबऱ्याबाहेर ठेवणारं घर,
आणि त्यानं पहिल्याच रात्री अकरा निऑन गिळले.
सकाळी पाणी स्वच्छ, दिवा चालू.
कांचनमाला मोजत बसली.
पुन्हा मोजत बसली.
मिरजेचा शकील मुजावर जाळी धुता धुता म्हणाला,
"काका, तोंडात मावतो तो शेजारी नव्हे, तो घास."
मग चार सिल्व्हर डॉलर दिले,
ताटलीसारखे पसरट, पाला खाणारे.
"हे तुमच्यातले," म्हणाला, आणि हसला.
सहा वर्षं झाली. चारही आहेत.

आज फोनवर म्हणाला, सोडा त्याच्यातच,
चार फुटी आहे, जमेल. पण आधी सगळं हलवा.
दगड, मडकं, लाकूड, काही म्हणजे काही जागेवर ठेवू नका.
जुन्याला वाटलं पाहिजे, तोही आजच आलाय.
आणि दिवा बंद करून सोडा.

सगळं हलवा.
चौतीस वर्षं मी साखळी ओढली, दगड पुरले.
तासगावकडच्या एका बांधावर
दोन भावांनी माझ्यासमोर दगडाला हळदकुंकू वाहिलं.
आठ दिवसांत धाकट्यानं तो वीतभर सरकवला,
पंधराव्या दिवशी थोरल्यानं दोन विती.
मी पुन्हा गेलो. पुन्हा तोच नकाशा उघडला,
तोच घडीवर फाटलेला.
सगळं हलवा, असं
मला कुणाला म्हणताच आलं नसतं.
तशी तरतूद नव्हती.

तर हलवलं.
हरिपूरच्या घाटावरून आणलेले काळे गोटे डावीकडून मागं,
मडकं उताणं होतं ते पालथं,
लाकडाचं तोंड भिंतीकडे.
ऑस्कर तळाशी तिरका पडून बघत राहिला.
रुसला की तो असाच आडवा होतो,
पहिल्यांदा मेला समजून मी रडकुंडीला आलो होतो.
कांचनमालानं भाकरी झाकली, स्विच बंद केला.
पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगली
आणि कैदी सुटले.

रात्री दीड. मोबाइलचा उजेड तळहाताआड धरून बघतो.
"मारामारी?" आतून.
"नाही अजून."
डॉलर एका बाजूला, एकमेकांना खेटून.
ऑस्कर नव्या जागी, कल्ले सावकाश हलतायत.
नर कुठं दिसत नाही.
मादी मात्र मडक्यामागे,
एक पांढरा खडा तोंडात धरून
वीतभर नेते, ठेवते,
मागं सरून बघते,
परत उचलते.

मी उजेड विझवतो.
कुठं ठेवला ते सकाळी कळेल.